फळझाडाला कात्री कधी लावायची?

हिवाळा सरता सरता फळझाडे छाटावीत, असा नियम युरोप-अमेरिकेतल्या बागकामाच्या पुस्तकांत हमखास सापडतो, आणि तिकडे तो खराही आहे. सफरचंद, नासपती, पीच ही झाडे थंडीत पाने झाडून झोपी जातात. सफरचंदाच्या जुन्या जातींना 7 अंश सेल्सिअसच्या खालचे सुमारे हजार तास मिळाल्याशिवाय त्यांचे डोळे नीट फुटत नाहीत. या काळात अन्नसाठा खोडात आणि मुळांत उतरलेला असतो, फांद्या उघड्या पडल्यामुळे झाडाचा सांगाडा डोळ्यांना दिसतो आणि कात्रीचा त्रास झाडाला कमीत कमी होतो. काश्मीर-हिमाचलातले बागायतदारही हिवाळ्यातच सफरचंद छाटतात.

वाशीम जिल्ह्यात मात्र हा नियम जसाच्या तसा लावला तर घात होतो. जानेवारीच्या पहाटे येथेही हुडहुडी भरते, पण त्या थंडीत संत्र्याचे झाड हिरवेगार उभे असते. मृग बहाराची संत्री तेव्हा झाडावर रंगायला लागलेली असतात. आंबा मोहोरावर आलेला असतो. त्याचे शेंडे छाटले तर वर्षाचे पीकच जमिनीवर पडते. बोरीवर फळांचा भर असतो. सीताफळ पानगळीच्या वाटेवर असते. महिना एकच, पण एकाच धुऱ्यावरची चार झाडे चार वेगळ्या अवस्थांत.

म्हणून ‘छाटणीचा महिना कोणता?’ या प्रश्नाला वाशीमपुरते एकच एक उत्तर नाही. झाडाची अवस्था मात्र नक्की सांगता येते: फळ उतरल्यानंतर, नवती फुटण्याआधी, कोरड्या हवेत. या तीन अटी जुळल्या की वेळ योग्य. त्या का, आणि कोणत्या फळझाडाला कोणत्या महिन्यात जुळतात, ते या प्रकरणात पाहू.

छाटल्यावर झाडात काय होते

फांदीच्या शेंड्यावरचा डोळा ऑक्झिन नावाचे संजीवक तयार करतो. ते खाली झिरपत राहते आणि बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवते. केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग या संशोधकांनी 1930च्या दशकात वालवर्गीय रोपांवर प्रयोग करून हे दाखवले. शेंडा खुडला की बगलेतले डोळे फुटतात. खुडलेल्या जागी बाहेरून ऑक्झिन लावले की ते पुन्हा गप्प बसतात. छाटणी म्हणजे हा दाब उठवणे. शेंडा गेला की खालचे दोन-चार डोळे जागे होतात, फांदीला फांद्या येतात आणि झाड घेरदार होते.

दुसरी गोष्ट अन्नसाठ्याची. पानांत तयार झालेले कर्बोदक आणि मुळांनी उचललेले नत्र यांच्या प्रमाणावर झाड वाढीकडे झुकणार की फुलाकडे, हे बरेचसे अवलंबून असते. क्रॉस आणि क्रेबिल यांनी 1918 साली टोमॅटोवरच्या अभ्यासातून हा विचार मांडला. पुढे त्यात पुष्कळ भर पडली, पण आपल्याकडे बहार धरण्याची जी पद्धत आहे, तिचे स्पष्टीकरण आजही कर्ब-नत्र गुणोत्तरानेच दिले जाते. जबर छाटणी केली की पाने जातात, म्हणजे कर्बोदक घटते; मुळे मात्र तेवढीच राहतात आणि नत्र पूर्वीइतकेच पुरवतात. परिणाम असा की झाड फुलायचे सोडून माजते. लांबलचक, रसरशीत, निरुपयोगी फुटवे येतात आणि शेतकरी म्हणतो, “छाटली पण लागली नाही.”

संत्रा, मोसंबी, लिंबू ही सदाहरित झाडे. त्यांचा अन्नसाठा पानांत आणि कोवळ्या फांद्यांतही असतो. त्यामुळे पाने झाडून बसणाऱ्या सफरचंदाला जी छाटणी सोसते, ती संत्र्याला सोसत नाही.

वाशीममधली झाडांची झोप

मग येथल्या झाडाला विश्रांती मिळते कधी? थंडीने नाही तर कोरडेपणाने. जिल्ह्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. त्यानंतर जमीन वाळत जाते. ओलित थांबवले की झाडाची वाढ थबकते, पाने फिकी पडतात, काही गळतात आणि काड्यांत कर्बोदकांचा साठा होतो. यालाच बागायतदार ‘ताणावर सोडणे’ म्हणतात. हलक्या, मुरमाड जमिनीत महिनाभराचा ताण पुरतो. भारी काळ्या जमिनीत ओल खोलवर टिकते, म्हणून दीड ते दोन महिने लागतात. ताण तोडून पाणी दिले, किंवा मृगाचा पाऊस पडला, की नवती आणि फुले बरोबरच बाहेर पडतात.

जूनमध्ये पावसावर फुटतो तो मृग बहार, हस्त नक्षत्राच्या सुमारास सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो तो हस्त बहार आणि आंब्याला मोहोर येण्याच्या दिवसांत, जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया बहार. झाड तिन्ही वेळा थोडेथोडे फुलू पाहते. एकच बहार पक्का धरायचा आणि बाकीचे सोडायचे, यातच बागायतदाराचे कसब आहे. छाटणीची वेळ ठरते ती धरलेल्या बहारावरून.

उष्ण कटिबंधात माणूसच झाडाचे वर्ष ठरवतो, याचा ठळक दाखला नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत दिसतो. युरोपात द्राक्षवेल थंडीत झोपते आणि वर्षातून एकदा, हिवाळ्यात छाटली जाते. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी तयार केली जाते आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून घड काढले जातात. वेल तीच, हवामान बदलले आणि छाटण्या एकाच्या दोन झाल्या. मग परक्या मुलखाचे वेळापत्रक आपल्या बगीच्याला कसे चालेल?

संत्रा: बहार पाहून वेळ

1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा आज सोयाबीन आणि तुरीसाठी ओळखला जातो. पण मंगरुळपीर तालुक्यातला वनोजा-शेलूबाजार पट्टा, मालेगाव, कारंजा आणि रिसोड तालुक्यांतली गावे येथे नागपुरी संत्र्याचे बगीचे आहेत, आणि जिल्ह्यात छाटणीचा प्रश्न सर्वाधिक पैशाचा आहे तो येथेच.

आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात उतरतात. तोडणी आटोपली की लगेच, झाड ताणावर असतानाच, डिसेंबरात छाटणी उरकावी. जानेवारीच्या मध्यावर ताण तोडून खत-पाणी सुरू होते. त्यानंतर कात्री लावली तर फुलावर येणाऱ्या काड्याच हातात येतात. सोयाबीन काढणी, रब्बीची पेरणी आणि मजुरांची टंचाई यांत हे काम मागे पडते आणि जानेवारी उजाडतो. अशा वेळी हिरव्या फांद्यांना हात न लावता फक्त वाळलेल्या काढणे हाच शहाणपणा.

मृग बहाराची फळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उतरतात. उन्हाळ्यात विहिरीला पाणी पुरत नाही, अशा शेतकऱ्यांना हाच बहार परवडतो, कारण ताण उन्हाळ्यातच बसतो आणि तो तोडायला पाऊस येतो. येथे छाटणीची वेळ तोडणीनंतर ताबडतोब, मार्च-एप्रिलमध्ये येते. या वेळी एक पथ्य कटाक्षाने पाळावे: पानांचे छत्र उघडे पाडू नये. मे महिन्यात पारा 42-43 अंशांच्या घरात जातो. सावलीत वाढलेल्या फांदीवर असे ऊन थेट पडले की साल भाजते, तडकते आणि त्या भेगांतून बुरशी व खोडकिडा आत शिरतो.

काय काढायचे: सल, पाणसोट, खुंटाचा फुटवा

संत्र्याच्या छाटणीत निम्म्याहून अधिक काम सल काढण्याचे असते. सल म्हणजे झाडातच वाळून गेलेली काडी. ती नुसती अडगळ नसते. कोलेटोट्रिकमसारख्या बुरशा तिच्यावर मुक्काम करतात. पावसाळ्यात त्यांचे बीजाणू थेंबांबरोबर खालच्या फळांच्या देठापाशी उतरतात, देठ कुजतो आणि तोडणीच्या तोंडावर फळ गळते. ऑगस्ट-सप्टेंबरात झाडाखाली आंबिया बहाराच्या फळांचा सडा पडतो, त्यामागे इतर कारणांबरोबर आदल्या हंगामात न काढलेली सलही असते. सल जेथे संपते तेथे न कापता, बोटभर खाली, हिरव्या भागातून काप घ्यावा. कारण बुरशी वाळलेल्या रेषेच्या थोडी पुढे गेलेली असते. काढलेली सल बांधावर रचून ठेवू नये. ती बगीच्याबाहेर नेऊन जाळावी.

दुसरा पाणसोट. झाडाच्या मध्यातून सरळ आभाळाकडे निघालेला, हाताला त्रिकोणी लागणारा, मोठ्या गर्द पानांचा आणि लांब काट्यांचा हा जोमदार फुटवा नवख्याला फार आवडतो. झाडाने जोर धरला असे वाटते. पण त्याला फळ धरायला वर्षे लागतात आणि तोवर तो शेजारच्या फळत्या फांद्यांचे अन्न ओढून घेतो. तो बोटाने मोडता येईल इतका कोवळा असतानाच काढला तर घाव जवळजवळ राहतच नाही. झाडाच्या मधोमध मोठी पोकळी पडली असेल, तर एखादा पाणसोट ठेवून, त्याचा शेंडा मारून, त्याची फांदी करून घ्यावी.

तिसरा खुंटाचा फुटवा. आपल्याकडे संत्र्याचे डोळे जंभेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेले असतात. कलमाच्या जोडाखालून जे काही फुटते ते संत्रा नसते. तो फुटवा वाढू दिला की दोन-चार वर्षांत झाडावर आंबट, जाड सालीची फळे दिसतात आणि कलम खंगत जाते. त्याला हंगाम नाही, मुहूर्त नाही. दिसला की काढायचा.

लहान झाडांचे वळण वेगळे. पहिली तीन-चार वर्षे जमिनीपासून सुमारे दोन फुटांपर्यंत खोड एकटे ठेवून, वर चहूबाजूंना विखुरलेल्या चार-पाच फांद्या राखाव्यात. खोड मोकळे राहिले की पावसात मातीचे शिंतोडे पानांपर्यंत उडत नाहीत, आणि डिंक्या रोगाची फायटोफ्थोरा बुरशी मातीतूनच वर चढते.

डाळिंब आणि लिंबू: कोरड्या आभाळाचा नियम

डाळिंबाच्या छाटणीत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तेल्या. हा जिवाणूजन्य रोग ओल्या, ढगाळ हवेत घावांतून शिरतो आणि कात्रीवर बसून झाडावरून झाडावर जातो. त्यामुळे फळ तोडल्यावर मुख्य छाटणी, मग विश्रांती, मग ताण आणि शेवटी पानगळ करताना शेंड्यांची हलकी छाटणी, असा क्रम ठेवतात. जेथे तेल्या मुरलेला आहे तेथे हस्त बहार धरण्याचा सल्ला दिला जातो, कारण त्याची फळे कोरड्या हवेत वाढतात. एक झाड छाटून झाले की कात्री 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवूनच पुढच्या झाडाला लावावी. या लहानशा सवयीवर अख्खी बाग वाचते.

कागदी लिंबाचा खैऱ्याही जिवाणूंचाच रोग. पाने, काड्या आणि फळांवर खरबरीत तपकिरी खवले दिसतात. रोगट काड्या पाऊस सुरू होण्याआधी, मे अखेरपर्यंत काढून जाळाव्यात. पावसाची झड लागल्यावर त्याच काड्या कापल्या तर रोग कमी होण्याऐवजी पसरतो.

आंबा, पेरू, सीताफळ, बोर

आंब्याला मोहोर येतो तो पक्व काडीच्या शेंड्यावर. नवी पालवी पिकायला काही महिने लागतात. म्हणून फळ उतरले की लगेच, जून-जुलैमध्ये छाटणी करावी, म्हणजे डिसेंबरपर्यंत काड्या तयार होतात. दिवाळीनंतर शेंडे मारले तर मोहोराऐवजी पालवीच हाती येते. ही छाटणी पावसात होत असल्याने उघडीप पाहूनच करावी आणि मोठ्या घावांवर त्याच दिवशी मलम लावावे. जुन्या आमराईत बांडगूळ दिसले तर ते जेथे रुतले आहे त्याच्या खालून फांदीसकट कापावे. नुसते ओरबाडले तर ते पुन्हा फुटते.

पेरूचा न्याय उलटा. त्याला फूल येते ते नव्या फुटीच्या बगलेत. त्यामुळे मे महिन्यात हलकी शेंडा-छाटणी केली की पावसाबरोबर नवी फूट निघते, तिच्यावर फुले येतात आणि हिवाळ्यात फळ मिळते. पावसाळी पेरूत फळमाशीच्या अळ्या निघतात. हिवाळी पेरू घट्ट, गोड आणि स्वच्छ असतो. एका छाटणीने पीक एका हंगामातून दुसऱ्यात नेता येते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

सीताफळ उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने झाडते. झाड उघडे झाले आणि नवे डोळे अजून हलले नाहीत, तो फेब्रुवारी-मार्चचा काळ विरळणीला योग्य. वाळलेली, एकमेकींत गुंतलेली काडी काढून ऊन मध्यापर्यंत पोहोचू द्यावे.

बोर हे तर उन्हाळ्यात झोपणारे झाड. एप्रिल-मेमध्ये ते पाने झाडून बसते आणि फळ धरते ते फक्त चालू हंगामाच्या नव्या फांदीवर. म्हणून कलमी बोरीला दरवर्षी याच दिवसांत कडक छाटणी लागते. संत्र्याला ज्या छाटणीने धसका बसेल, तीच बोरीला दरसाल हवी असते.

घाव आणि औषध

झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरत नाही. अमेरिकी वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून पाहिली आणि 1977 साली मांडले की झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती उभारून त्याला कोंडते, त्यावर नवे लाकूड चढवते. या भिंती सर्वांत चांगल्या उभ्या राहतात त्या फांदीच्या बुंध्याशी असलेल्या फुगीर वळ्यात. म्हणून काप या वळ्याच्या लगत बाहेरून घ्यावा. वळा खोडासरसा छाटू नये आणि बाहेर खुंटीही सोडू नये. खुंटी वाळते आणि कुज खोडात नेते. जाड फांदी एका दमात कापली तर तिच्या वजनाने खोडाची साल सोलून निघते. आधी वळ्यापासून हातभर पुढे खालून अर्धवट चिरावे, मग थोडे पुढे वरून कापून फांदी पाडावी आणि राहिलेला बुंधा शेवटी वळ्याशी कापावा.

छाटणीनंतर 1 टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी करावी. त्यासाठी 1 किलो मोरचूद आणि 1 किलो कळीचा चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून एकत्र करतात आणि 100 लिटर पाणी होईल असे प्रमाण ठेवतात. तयार मिश्रणात लोखंडी सळई किंवा विळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर तांबे मोकळे आहे. चुन्याची निवळी आणखी घालावी, नाहीतर पाने करपतात. याच वस्तू 10 लिटर पाण्यात घेतल्या की घावांना आणि खोडाला लावण्याचा बोर्डो मलम होतो. फ्रान्समधल्या बोर्डो परिसरात रस्त्याकाठची द्राक्षे चोरीला जाऊ नयेत म्हणून शेतकरी मोरचूद-चुना शिंपडत. त्या वेलींवर केवडा रोग कमी असल्याचे प्रा. मिलार्दे यांनी हेरले आणि 1885 साली या मिश्रणाची शिफारस केली. त्याला आता 140 वर्षे झाली, तरी आपल्या बगीच्यात ते टिकून आहे.

निर्णय कसा घ्यावा

कात्री हातात घेण्याआधी झाडापुढे उभे राहून चार प्रश्न विचारावेत. शेवटचे फळ उतरले का? डोळे अजून निजलेले आहेत का? येत्या आठवड्यात आभाळ कोरडे राहील का? आणि हे झाड जुन्या काडीवर फळते की नव्या? पहिल्या तिन्हींचे उत्तर होय असेल तर वेळ बरोबर आहे. चौथ्याचे उत्तर किती कापायचे ते सांगते. फळ जुन्या, पक्व काडीवर येत असेल तर हात राखून. नव्या काडीवर येत असेल तर मोकळ्या हाताने.

शंका असेल, विशेषतः जुना, दाट झालेला संत्रा बगीचा खालपासून उतरवायचा असेल, तर घाई करू नये. रिसोड तालुक्यात करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, नागपूरला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तेथल्या तज्ज्ञांना बगीचा दाखवून मगच मोठी आरी चालवावी. बोर सोडून इतर झाडांची ऐन उन्हाळ्यातली जबर छाटणी आणि भर पावसातली कुठलीही मोठी छाटणी या दोन चुका टाळल्या तरी झाडाचे निम्मे नुकसान टळते. आणि यंदा एवढे तरी कराच: तोडणी संपली की व्यापाऱ्याचा हिशेब करण्याआधी बगीच्यातून एक फेरी मारा आणि सल काढायला माणूस लावा. पुढच्या वर्षीची फळगळ थांबवण्याचे काम तेथूनच सुरू होते.